दोघांनी वाचलेला कागद

कागद पुढे केला की ती आधी अंगठा मुठीत दडवायची आणि म्हणायची, "पहिलं वाचा." मी वाचायचो. "बरं," म्हणून ती उठायची आणि तोच कागद फाट्यावरच्या एसटीच्या कंट्रोलरकडून पुन्हा वाचून घ्यायची. दोघांचं जुळलं तरच खरं.

देवगाव फाट्याजवळच्या एका दाळमिलमध्ये मी हजेरी लिहायचो आणि ती दाळ निवडायची. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती, गावोगावी माणसं एकमेकांना जोखूनच बोलत. पण हिचा संशय त्याही आधीचा, जन्मजात म्हणावा असा. पालमहून भावाचं पत्र आलं तरी दोनदा वाचलं जाई. एकदा सोमवारच्या सुट्टीची नोटीस लागली. मी वाचली, कंट्रोलरने वाचली, तरी सोमवारी ही फाटकाशी हजर. "बगून जावं म्हनलं," असं वॉचमनला सांगून परत गेली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो. मीही हसायचो, आणि मनातून चिडायचोही. माझ्यावर भरवसा नसायला मी हिचं काय वाईट केलं होतं?

ते पुढे केलं. कामगार कायद्यातले बदल समजून घ्यायला मालकांनी परभणीहून वकील बोलावले. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बाईला सहजासहजी काढता येत नाही, आणि आमच्या बायकांचे तर भरत आले होते. मालकांना कायद्याचा संशय, बायकांना मालकांचा, आणि मालकांना थोडाफार माझाही. माझं तरी नेमणूकपत्र कुठं होतं? शेवटी उपाय निघाला. 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' असा कागद प्रत्येकीकडून घ्यायचा आणि आठवड्याने तिला कागदोपत्री नव्याने कामावर ठेवायचं, म्हणजे दिवस पुन्हा पहिल्यापासून. हजेरीचा नवा फॉर्म आहे असं वाचून दाखवा, मालक मला म्हणाले.

मी तसं वाचलं. कुठेही न अडखळता वाचलं. बायकांनी ओळीने अंगठे दिले. हिची पाळी आली तेव्हा हात भुशाने भरलेत, धुऊन येते म्हणाली आणि कागद पदराखाली घेऊन गेली ती त्या दिवशी परत आलीच नाही.

दुसऱ्या सकाळी माझ्या टेबलाशी उभी राहिली. आवाज नेहमीचाच होता.

"बाबू, कंट्रोलरसाहेब येगळंच वाचायलेत."

मी हजेरीवर खुणा करत राहिलो. अंगठा दिला नाही म्हणून त्याच दिवशी मालकांनी तिचं काम बंद केलं. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच होती, हे मला माहीत होतं.

कंट्रोलरने तिच्यासाठी अर्ज लिहून दिला. महिनाभराने सरकारी कामगार अधिकारी आले. सगळ्या बायकांना त्यांनी मिलच्या आवारात बसवलं, हिलाही बोलावून घेतलं आणि विचारलं, हे कागद तुम्हाला कुणी वाचून दाखवले? तिने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर कुणावर विश्वास न ठेवलेली बाई आता माझं नाव घेणार, याविषयी मला शंका नव्हती.

"कागद मालकाचा हाय, सायेब," ती म्हणाली. "वाचनाऱ्याला कशाला धरता?"

ते कागद रद्द झाले. सगळ्यांची नावं हजेरीवर होती तशी राहिली, तिचंही परत चढलं. रोज सकाळी तिच्या नावापुढे खूण करताना मला लाज वाटायची, आणि बोलायचं राहून जायचं.

दोन वर्षांनी ती काम सोडून भावाकडे राहायला निघाली. या वेळी खरोखर स्वखुशीने. मी फाट्यापर्यंत गेलो. परभणीची बस लागली होती. "मावशी, त्या वेळी माझं चुकलं," एवढं कसंबसं म्हणालो.

ती बसच्या पायरीवर थांबली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ज्याला वाचता येत न्हाई त्याचं चुकतंय, बाबू. तुमाला तर येतंय."