पुढच्या सीटसाठी एक यंत्र

आमच्या जावयांचा आवाज इतका मऊ आहे, की त्यांनी नकार दिला तरी माणूस आधी दोनदा थँक्यू म्हणतो आणि मग घरी जाऊन रडतो. मुलगी आणि ते ऑस्ट्रेलियात असतात. तिथल्या मधल्या वाळवंटातून गाडीने आरपार जायचा त्यांचा बेत ठरला आणि आम्हा दोघांना त्यासाठी बोलावलं. दोन गाड्या, कच्चा रस्ता, पेट्रोल कधीतरी भेटणार, माणूस त्याहून कमी. मी व्हिडिओ कॉलवरच जाहीर केलं, की एका गाडीत पुढे मी बसणार आणि रस्ता मी सांगणार. त्यावर जावई मऊपणे म्हणाले, "आई, तुमच्या दोघांसाठी एसी बसची टूर बघून ठेवली आहे. त्यात जेवणसुद्धा आहे."

जेवणसुद्धा! म्हणजे मी हॉटेलात नेऊन ठेवायची वस्तू. निपाणीहून लग्न होऊन बंगळुरात आले तेव्हापासून गाडीत मी मागच्या सीटवर डबे, पाण्याच्या बाटल्या आणि दुसऱ्यांची पोरं धरत आले आहे. मांडीवर इतकी पातेली धरली, की आता मांडी सपाट करून स्वयंपाकघराच्या ओट्याला जोडली तरी शोभेल. मी सांगितलं, बसने जाणार नाही. गेले तर पुढच्या सीटवर, नाहीतर इथेच बरी आहे.

मुलगी माझीच. तिनं अट घातली. तिथे फोनला रेंज नसते, तेव्हा यंत्र तू निवड, नकाशे तू निवड, शिक, आणि फोन बंद ठेवून मी सांगेन त्या जागी जाऊन दाखव. जमलं तर पुढची सीट तुझी. नाही जमलं तर बस, आणि कुरकुर चालणार नाही.

फोनवर माझा तसाही राग होताच. फोनमधल्या बाईने मला एकदा "तुम्ही पोचलात" म्हणून एका कार्यालयाच्या मागच्या दारात सोडलं होतं. आत कुणाचं तरी लग्न लागत होतं. मी जेवून, आहेर देऊन, वधूला दोन उपदेश करून परत आले.

पहिल्यांदा आम्ही इंदिरानगरच्या एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या सेल्समनने मला नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ दाखवलं. मला माझी नाडी सापडते, मी म्हटलं, मला रस्ता सापडायला हवा. मग त्याने गाडीच्या काचेला चिकटणारा मोठा पडदा काढला. पडदा छान, रंग छान, आतली बाई कन्नडही बोलते. मी विचारलं, यात रस्ताच नसलेल्या जागी काय दिसतं? तो म्हणाला, मॅडम, रस्ता नसेल तिथे कोण जातं. आमचे यजमान नेहमी गप्प असतात. निवृत्त होईपर्यंत कारखान्यात यंत्रं जुळवत बसल्यामुळे त्यांना माणसांशी बोलायची सवय नाही. पण तेवढ्यात ते म्हणाले, "ही जाते."

दुसऱ्या एका यंत्रात मी ऑस्ट्रेलिया उघडायला लावला. मधला भाग संपूर्ण फिकट पिवळा, एका टोकाला एक रेघ, बाकी काही नाही. मग बंगळूर उघडलं. तेही एक ठिपका, त्यातून हायवे आरपार. मला हसू आलं. ज्या शहराच्या सिग्नलला उभी राहून मी एक स्वेटर विणला आणि पुढच्या सिग्नलला माप चुकलं म्हणून उसवला, ते अख्खं शहर त्या यंत्राच्या लेखी मोहरीएवढं. तेव्हा कळलं की यंत्राबरोबर येणारा नकाशा हा फक्त नमुना असतो. खरा तपशीलवार नकाशा वेगळा घेऊन आत भरावा लागतो. हे कुणी आपणहून सांगत नाही.

शिवाजीनगरला गल्लीतल्या एका दुकानात शेवटी मनासारखं मिळालं. दुर्बिणी, होकायंत्रं, विजेऱ्या असा माल होता आणि दुकानदार मला अम्मा म्हणत होता. मला हातात मावणारं यंत्र हवं होतं. पडद्याला बोट लावायचं नाही, बटणं हवीत, कारण घामट बोटाने पडदा ऐकत नाही. चार्जरवर चालणारं नको, पेन्सिल सेल घालायचं हवं, कारण वाळवंटात प्लग नसतो. आल्या वाटेचा माग धरून परत नेणारं हवं. आणि उन्हात दिसायला हवं. हे शेवटचं तपासायला मी ते घेऊन थेट रस्त्यावर गेले. दुकानदार मागे, त्याच्या मागे एक रिक्षावाला, कारण शिवाजीनगरात रस्त्यात उभं राहून काही बघितलं की सल्ला फुकट मिळतो. रिक्षावाल्याने पडद्यात डोकावून सांगितलं, की बाण स्वल्प डावीकडे झुकतोय.

दुकानदार सारखं म्हणत होता, मजबूत आहे अम्मा, पडलं तरी काही होत नाही. मी म्हटलं, पाडून दाखवा. तो पाडेना. मग मीच पाडलं. त्या माणसाचा चेहरा असा झाला, की यंत्राआधी त्यालाच उचलावं लागेल असं वाटलं. यंत्र मात्र पायरीवरून उडी मारून फुटपाथवर निवांत दिशा दाखवत पडलं होतं. तेच घेतलं. डबा न उघडलेलं नवं देतो म्हणाला, पण परीक्षेला बसलेला उमेदवार सोडून मी अनोळखी का घेऊ.

मी निवडलेले तिथले कागदी नकाशे मुलीने तिथून येणाऱ्या ओळखीच्यांच्या हाती पाठवले. ते आमच्या हॉलमध्ये मावेनात. सोफा बाल्कनीत गेला, टीपॉय बाथरूममध्ये गेला, तरी वाळवंटाचं पश्चिम टोक फ्रिजखाली शिरलंच. शेजारच्या अक्का बघायला आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी, पण त्यांच्या मराठीत निम्मी भाजी कन्नड असते. त्यांनी निळ्या तुटक रेघेने काढलेलं एक भलंमोठं तळं दाखवून विचारलं, हे काय? खुणांचा तक्ता बघून मी सांगितलं, तिथे पाणी नसतं, नुसतं मीठ, क्वचित कधी पाऊस झाला तर.

"पाणी नाही, मग निळा रंग कशाला दिला?" अक्का म्हणाल्या. "आपल्याकडे बरं. पाणी होतं तिथे आता अपार्टमेंट आहे, पण निदान नाव तरी केरेचंच आहे."

केरे म्हणजे तळं. आणि ते खरंच होतं. शहराबाहेरच्या होसकोट्याच्या पलीकडचा सरावाचा नकाशा मी सरकारी मोजणी खात्यातून आणला होता. त्यात जिथे तिथे तळी. शहराच्या कडेच्या जागा मी ओळखीच्या बघितल्या तर तिथे आता कमानी आणि गेट. म्हणून मी नियम केला: नकाशा विकत घेताना आधी तो कधी मोजलाय ते वाचायचं, मग बाकीचं.

परीक्षेच्या दिवशी मुलीने अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे पाठवले. उपग्रहाच्या फोटोत तिला होसकोट्याच्या पलीकडे उघड्या खडकावर एक पांढरा ठिपका दिसला होता. ते काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं. तिथे जाऊन फोटो काढायचा. मी आकडे यंत्रात घातले, फोन बंद करून डिकीत टाकला, यजमान चालवायला, मी पुढे, आणि मागे अक्का, मांडीवर चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा घेऊन. डबे धरायची जागा अखेर दुसऱ्या कुणाला मिळाली, हे बघून मी आरशात दोनदा हसले.

होसकोटे मागे पडलं. कारखाने, गोदामं, ट्रकांच्या रांगा संपल्या. मी गुडघ्यावर नकाशा आणि हातात यंत्र धरून असे हुकूम सोडत होते, की पुढे चाललेला एक ट्रकही माझ्या सांगण्यावरून डावीकडे वळला असावा. यंत्राने पोचलो म्हटलं तेव्हा आम्ही नीलगिरीच्या दाट बनात, एका उंच कंपाउंडपाशी होतो. खडक नाही, उघडं रान नाही, पांढरं म्हणाल तर फक्त वॉचमनची मिशी.

आता, होसकोट्याच्या पुढे रस्त्यात नकाशा उघडणारा माणूस दोनच प्रकारचा असतो. जमीन घेणारा, नाहीतर जमीन काढून घेणारा. मी बॉनेटवर नकाशा पसरला आणि हातात यंत्र धरलं, एवढ्यावर त्या निर्मनुष्य जागी माणसं उगवली. दोन मोटरसायकली, एक ट्रॅक्टर, म्हशींसकट एक बाई. नवा हायवे येतोय आणि ही मोजणीवाली अम्मा आहे, असं त्यांनी आपसात ठरवूनही टाकलं. एका म्हाताऱ्याने कन्नडमध्ये विचारलं, रस्ता नेमका कुठून जाणार?

मी सांगितलं, "ऑस्ट्रेलियातून."

तो गंभीरपणे म्हणाला, "मग आमचं शेत वाचलं."

यजमान डिकीकडे सरकले. फोन काढू का, त्यांनी हळूच विचारलं, कुणाला कळणार आहे? अक्काही म्हणाल्या, सरी, ठीक आहे, एकदा बघून घे आणि बंद कर. मला त्या एसी बसचा वास तिथे बनात आला, खरंच आला, गार सीटचा आणि प्लॅस्टिकच्या डब्यातल्या भाताचा. मी म्हटलं, "फोन काढलात तर मी इथेच उतरते. म्हशी राखेन, पण बसमध्ये बसणार नाही."

ते थांबले. मी नकाशाकडे वळले. आधी यंत्र आम्ही कुठे आहोत म्हणतंय ते कागदाच्या कडेच्या आकड्यांवर शोधलं. रेघा जुळल्या तिथे जंगलाची खूण आणि बाजूला जाणारी पायवाट, दोन्ही समोर दिसत होतं. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. आम्ही यंत्राने सांगितलं तिथेच होतो. मग खोटं होतं ते आम्ही त्याला सांगितलेलं.

मुलीचा आकडा मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतला होता. तेरा, टिंब, पंधरा आणि पुढे काही. यंत्रात तेराच्या डोक्यावर छोटं वर्तुळ होतं आणि पंधराच्या डोक्यावर तिरकी रेघ. कागदाच्या कडेलाही तसंच. वर्तुळ म्हणजे अंश, रेघ म्हणजे मिनिटं. आणि मिनिटं साठ असतात, शंभर नाहीत. मुलीचे पंधरा शंभरातले होते, मी ते साठातले म्हणून घातले होते.

"साठाचे पंधरा टक्के किती?" मी यजमानांना विचारलं.

त्यांनी नीलगिरीच्या शेंड्याकडे बघत बराच वेळ घेतला. "नऊ."

तेरा अंश नऊ मिनिटं. दुसऱ्या आकड्यात टिंबापुढे नुसती शून्यं होती, तो बरोबरच होता. म्हणजे आम्ही दहा-अकरा किलोमीटर जास्त वर, उत्तरेला आलो होतो. मी कागदावर बोट खाली आणलं आणि तिथे उंचीच्या रेघा अशा दाटून आलेल्या दिसल्या, की चढ असणार हे शाळेतल्या पोरालाही कळावं. त्या दाटीच्या मध्ये खडकाची खूण. मी जमलेल्या मंडळींना सांगितलं, की हायवे दक्षिणेकडे सरकवला आहे. म्हशीवालीने सुटकेचा श्वास टाकला आणि माझी ओटी भरायचीच काय ती बाकी ठेवली.

परतीची वाट सरळ नव्हती. कागदावर तळं होतं तिथे प्लॉट पाडलेल्या एका लेआउटची कमान, आत एकही घर नाही, फक्त सिमेंटचे सिंह. बाण सिंहांमधून जा म्हणत होता, गेट बंद होतं. मी बाणाकडे दुर्लक्ष करून कागदावरच्या जुन्या बैलगाडीच्या वाटेने वळसा घालायला लावला. गाडी अशी हादरत होती, की अक्कांच्या डब्यातल्या चित्रान्नात शेंगदाणे आपोआप सगळे एका बाजूला जमले. शेवटचा टप्पा चालत गेलो. आणि वर, उघड्या खडकावर, चार दगडी खांबांचा, चुना दिलेला मंडप. आत देव नाही, कुणी नाही, नुसता वारा.

तेव्हा कुठे डिकीतून सोबत आणलेला फोन चालू केला. खडकावर रेंजची एक काडी मिळाली. मुलगी पडद्यावर आली, मी तिला मंडप चारही बाजूंनी दाखवला. मागून जावयांचा मऊ आवाज आला, की छानच आई, पण उशीर फार झाला, नाही का?

मी म्हटलं, झाला, आणि का झाला तेही सांगितलं. वर्तुळ, रेघ, टिंब, साठ आणि शंभर. काही लपवलं नाही. मग मुलगी म्हणाली, थांब आई, आणि जावयांनाच त्यांचं यंत्र आणायला पाठवलं. वाळवंटातली सगळी ठिकाणं, पाणी, मुक्काम, पेट्रोल, जावयांनी इंटरनेटवर टिंबाच्या आकड्यांत बघून तशीच यंत्रात भरली होती. काही आकडे यंत्राने घेतलेच नव्हते, कारण साठाच्या वर मिनिटं नसतात. ते त्यांनी यंत्र बिघडलंय म्हणून सोडून दिले होते.

मुलीने नकाशा उघडला, यंत्र बघितलं, पुन्हा नकाशा बघितला. "आई," ती म्हणाली, "आपलं पेट्रोल खाऱ्या तळ्याच्या मधोमध आहे."

मी जावयांना विचारलं, "जावईबापू, पुढची सीट कुणाची?"

या वेळी आवाज मऊ नव्हता, कारण नीट निघतच नव्हता. "तुमची, आई."

"मग आणा ते सगळे आकडे आणि एकेक वाचा. टिंब आलं की टिंब म्हणा. घाईत नको, मला इथे वाराही लागतोय आणि भूकही."

अक्कांनी डबा उघडला. मी मंडपाच्या पायरीवर बसले, मुलीने पहिलं ठिकाण सांगितलं, आणि जावई वाचू लागले.