मावशीनं कापलेली पृथ्वी

पृथ्वीवर माणसं राहतात हे माझ्या मावशीला मान्य होतं. पण त्यांच्यात बघण्यासारखं काही आहे, हे तिला कधी पटलं नाही. ती बघायची ते पायाखाली. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. लग्न केलं नव्हतं. दोन स्थळं येऊन गेली; त्यांतल्या एकाच्या घरची फरशी फार चांगली होती, एवढंच ती त्याबद्दल सांगायची. कोणाकडे जेवायला गेली, की पानातली लिंबाची फोड उचलून जमिनीवर दोन थेंब पिळायची आणि वाकून बघत बसायची. बारीक फेस आला की म्हणायची, "चुनखडक. कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता." घरची बाई बिचारी फडकं घेऊन उभी. आमच्याकडे पाटा अग्निजन्य होता, ओसरीवरची शहाबादी फरशी गाळाची होती, आणि देव्हाऱ्यातला संगमरवरी गणपती रूपांतरित. हे शेवटचं तिनं मामाला सांगितलं तेव्हा मामा पूजा करत होता. त्यानं हातातलं फूल तसंच धरून गणपतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "असेल. आपण नमस्कार करू."

मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो भिक्षुकी करायचा. मामी, मावशी आणि शिक्षणासाठी चांदूर रेल्वेहून आलेली मी, आम्ही सगळ्या त्याच्याच घरात राहत होतो. मी सातवीत होते, म्हणजे शाळेतही मावशीच्याच ताब्यात.

पृथ्वीचे थर शिकवायला मावशी दरवर्षी संत्रं कापायची. आदल्या वर्षी एका मुलीनं पेपरात लिहिलं, की पृथ्वीच्या पोटात दहा फोडी असून मध्ये बिया असतात. मावशीनं तिला पूर्ण मार्क दिले. "तिनं पाहिलं ते लिहिलं. चूक संत्र्याची आहे," असं म्हणून तिनं संत्रं कायमचं बाद केलं, आणि दारावर भाजी घेऊन येणाऱ्या माळीणबाईंकडे एक अंडं मागितलं.

"बाई, तुमाले? काहून?"

"पृथ्वी शिकवायची आहे."

माळीणबाईंनी टोपली खाली ठेवून थोडा विचार केला. "मंग उद्या ताजं आणून देतो. पृथ्वीले शिळं कायले?"

ते अंडं शाळेतच उकडलं आणि आमच्यासमोर टेबलावर सुरीनं मधोमध कापलं. निम्म्या वर्गानं नाकाला रुमाल लावले होते. "हे कवच," मावशी म्हणाली, "एवढंच पातळ. सातपुडा, सगळ्या नद्या, तुमची माझी घरं ह्याच्यावर. पांढरं ते प्रावरण. पिवळा तो गाभा, तिथं सगळं धगधगतंय." मी पाय हळूच बाकावर घेतले. रुमाल कधी खाली आले ते कोणालाच कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली, की गुरुजींची बहीण शाळेत अंडी खाते. तिसऱ्या दिवशी मामाचे जुने यजमान, एक वकील, स्वतः घरी आले. मावशी शाळेत होती. मी तापामुळे घरी, आतल्या खोलीत मामीजवळ पडून होते.

"गुरुजी, तुमच्या बहिणीनं अंडं कापलं म्हणतात. खरं आहे?"

"पृथ्वी कापली," मामा म्हणाला. "अंडं निमित्ताला होतं."

"थट्टा करून राहिले तुम्ही. लोक मला विचारतात."

"त्यांना सांगा, खाल्लं नाही. मुलींना दाखवलं. मला बोलावलं असतं तर मीही जाऊन पाहिलं असतं."

वकिलांनी समोर ठेवलेलं पाणी घेतलं नाही. ते गेल्यावर मामा आत आला आणि आम्हा दोघींना म्हणाला, "तिला यातलं काही कळता कामा नये."

त्या श्रावणात वकिलांकडे दुसरे गुरुजी गेले. मग आणखी चार घरं सुटली. मावशीनं एकदा विचारलं, हल्ली तू घरीच कसा. मामा म्हणाला, गुडघे दुखतात, जरा कमी केलंय. तिला ते खरं वाटलं. पुढची कितीतरी वर्षं ती रोज संध्याकाळी त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत बसायची आणि तोही मुकाट्यानं चोळून घ्यायचा.

मामा गेला, त्याचे दिवस झाले, आणि मग मामीनं एका दुपारी तिला सगळं सांगून टाकलं.  मावशी म्हणाली, "तो कधी लंगडला नव्हता. मला कळायला हवं होतं."

त्यानंतर चार वर्षं ती नोकरीत होती. मीही तोवर त्याच शाळेत शिकवायला लागले होते, तिच्या शेजारच्या वर्गावर. थरांचा धडा ती आता फक्त फळ्यावर शिकवायची. भिंतीपलीकडून मला खडूचा आवाज यायचा. कवच. प्रावरण. मग खडू थांबायचा. जरा वेळानं ती म्हणायची, "हा गाभा. इथपर्यंत अजून कोणी गेलेलं नाही, मुलींनो."