क्रॉस आणायला पंजा नेला

खरेदी केंद्रावरून मिलपर्यंत धानाची पोती वाहायचं काम आमच्या ट्रकला दरवर्षी मिळतं. यंदा ते सुरू व्हायच्या पाच दिवस आधी ट्रकचा क्रॉस तुटला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा असतो. त्याच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा बसतो, तो क्रॉस. तो नसला की ट्रक अंगणात भिंतीसारखा उभा.

ठेकेदाराने सांगितलं, सोमवारी सकाळी ट्रक केंद्रावर दिसला नाही तर हंगामभर दुसरा लावीन. तो तसं करतो. आम्हालाही त्याने असंच दुसऱ्याच्या जागी लावलं होतं.

ट्रक मुलगा चालवतो. तो गोंदियाला गेला. दुकानदाराने ट्रकचं साल विचारून क्रॉस दिला. घरी लावून पाहिला तर ढिला. दुसऱ्या दिवशी तो तुटका क्रॉस घेऊन गेला. दुकानदाराने त्याचं माप घेतलं. पण तो इतका झिजला होता की त्या मापाचा आणलेला नवा क्रॉसही बसला नाही. मिस्त्री म्हणाला, जुन्या गाडीचं सामान येत नाही आता, भंगारात द्या. सुनेने मला सांगितलं की मुलगा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायचं म्हणतो आहे.

तेव्हा मी बोलले.

"दुकानात साल कायले सांगून राहिला? दांडा या ट्रकचा नाहीच."

"मंग कोणाचा?"

"देवरीकडे बस उलटली होती, तिचा. तुझ्या बापानं आणून बसवला."

"तुले कसं माहीत?"

"दुसरं टोक मी धरलं होतं."

"मंग इतके दिवस काऊन नाही सांगतलं, माय?"

"तू विचारलं?"

बांगडी फुटली तर बाई कासाराकडे हात घेऊन जाते, तुकडे नेत नाही. क्रॉस ज्याच्या भोकांत बसतो तो लोखंडी पंजा चार बोल्टांनी लावलेला असतो. मी मुलाला म्हटलं, पंजा खोल. त्याने खोलून दिला, पण त्या दुकानात तिसऱ्यांदा तोंड दाखवणार नाही म्हणाला. मी पंजा जुन्या लुगड्यात गुंडाळून थैलीत घातला आणि शनिवारी सौंदडहून गोंदियाच्या गाडीत बसले.

शेजारची बाई म्हणाली, "बुडे, थैलीत कोहळा आहे का?"

"लोखंड आहे. पाय सरकव."

दुकानदार म्हणाला, "अम्मा, मॉडल बताओ."

मी पंजा टेबलावर ठेवला. "मॉडेल नाही. यात बसंल तो दे."

तो हसला. मग माळ्यावरून जुन्या मालाचं खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी स्टुलावर बसून एकेक क्रॉस लावून पाहिला. सात गेले. आठव्याची लांबी पंज्यात जुळली आणि त्याच्या टोकावरचा कप भोकात थोडा जाऊन घट्ट अडकला. दुकानदाराने पाहिलं. "यही है. आगे हथौड़े का काम."

मी चौथी शिकले. त्या क्रॉसच्या डब्यावरचं गाडीचं नाव तेवढ्यावर वाचता आलं. ते आमच्या ट्रकचं नव्हतं. बसचंही नव्हतं. म्हणजे नवऱ्याने मलाही खोटंच सांगितलं होतं.

रविवारी मिस्त्रीने क्रॉस ठोकून बसवला. भंगाराचं पुन्हा काढलं नाही. डब्यावरचं नाव आणि नंबर मी मुलाकडून ट्रकच्या दाराला आतून रंगाने लिहून घेतलं.

सोमवारी आमचा ट्रक केंद्रावर पहिला होता. ठेकेदाराने बोलावलेला दुसरा ट्रक तासभर थांबून परत गेला. त्याच्या ड्रायव्हरला मुलाने चहा पाजला. मी असते तर पाजला नसता.