पाठवणीचे मास्तर

मिशीवरून उलटा हात फिरवून ट्रम्पेट ओठांना लावण्याआधी मास्तर नवरीकडच्या बायकांना बजावायचे, "रडायचं आसंल तर आत्ताच रडून घ्या. मी वाजवाय लागलो, की निस्तं ऐकायचं." बायका हसायच्या, आणि मग दुप्पट रडायच्या.

वरातीपुढे फेटा सांभाळत चालणारा असा बँडमास्तर तुम्हीही पाहिला असेल. आमचे मास्तर मिरजेत माझ्या शेजारी राहायचे. सत्तरच्या दशकात मी तिथं एका इस्पितळात कारकून होतो. तिथली एक अमेरिकन नर्स मायदेशी परतताना मला एक छोटी रेकॉर्ड देऊन गेली. तिच्या गावाकडच्या कुठल्याशा लहान कंपनीनं काढलेली, तिथल्याच एका कृष्णवर्णीय बाईच्या गाण्याची. माझ्याकडे ग्रामोफोन नव्हता. मास्तरांकडे होता.

बाई गायला लागली. तिच्या मागून ट्रम्पेट आलं. उकिडवे बसलेले मास्तर हळूच खाली टेकले.

"काय म्हणतीया वो ती?"

मलाही धड कळत नव्हतं. "तिचं कुणीतरी निघून चाललंय, असं काहीतरी."

"मग पाठवणीचंच हाय की!"

महिन्याभरात ते गाणं त्यांनी ट्रम्पेटवर बसवलं. घरात त्याचं नावच 'ती बाई' पडलं. सांगली-मिरजेच्या कितीतरी नवऱ्या त्यावर सासरी गेल्या. ते कुठून आलंय, हे कुणी विचारलंही नाही.

मास्तरांना एकच मुलगी, आईवेगळी. तिचं लग्न मेढा गावच्या एका घरात ठरलं. मुलाचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी एवढंच सांगितलं, "व्याही म्हणून मांडवात बसा. तुमी वाजवायचं न्हाई. चारचौघांत बरं दिसत न्हाई."

मास्तर "व्हय" म्हणाले. मला मात्र लग्नाच्या सकाळी म्हणाले, "हात कुठं ठिवावं, तेच कळंना झालंय."

पाठवणीला त्यांचीच माणसं वाजवत होती. मुलगी बसच्या पायरीवर पाय ठेवून थांबली.

"आबा, ती बाई वाजवा. न्हाईतर मी बसत न्हाई."

बँड गप्प झाला. मास्तर मान खाली घालून उभे. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. सुभेदारांनी एकदा सुनेकडे पाहिलं.

"बंद कर रं ते," ते ड्रायव्हरला म्हणाले. "वाजवू दे त्यांना."

बँडमधल्या एकानं आपलं ट्रम्पेट पुढे केलं. मास्तरांचा पहिला सूर फाटला. दुसरा लागला. गाणं संपलं तेव्हा सुभेदार टोपी काढून उभे होते.

म्हातारपणी मास्तर लेकीकडेच राहायला गेले. ते वारल्यावर मी मेढ्याला भेटायला गेलो. सुभेदार ओसरीवर एकटेच बसले होते.

"दिवस कलला, की मीच वाजवाय लावायचो त्यास्नी," ते म्हणाले. मग त्यांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं.

"आता सांज लय लांबतीया, पाव्हणं."