मध लावलेली कोंबडी

गिरीराजनं कोंबडी दोन गुडघ्यांत घट्ट धरली होती आणि तिच्या जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापत होता. ती त्याच्या मनगटाला टोचत होती, तो तिला मिरजेतल्या ठेवणीतल्या शिव्या घालत होता. माघार कुणीच घेत नव्हतं.

कुत्र्यानं पाठीला धरलं होतं तिला. गिरीराजनं खांद्यावरचा पाण्याचा कॅन तिथंच टाकला, चप्पल काढून हाणली, तेव्हा कुठं सुटली. पण दोन बोटांएवढं कातडं नुसतं लोंबत होतं.

आणि कोंबडी कुणाची? गोजराअक्काची. सगळी गोची तिथंच होती.

गोजराअक्का म्हणजे त्याची घरमालकीण. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतली. मराठीच बोलायची, पण निम्मे शब्द कन्नड. गिरीराज के. आर. पुरमला येऊन घरोघर पाण्याचे कॅन टाकायला लागला आणि पहिल्याच महिन्यात डेंग्यूनं आडवा झाला. तेव्हा या बाईनं अकरा दिवस त्याला पेज पाजली, त्याच्या उलट्या काढल्या, तोंड वाकडं न करता. त्या दिवसापासून अक्कासाठी गिरीराज कुणाच्याही अंगावर जायला तयार. कुत्रं तर काय चीज!

आता लेक वीणा बाळंत झाली म्हणून अक्का महिन्याभरासाठी आनेकलला गेली होती. आठवडाभर आधीच बजावलं होतं, "गिरी, कोळी सांभाळायची हां." यानं झाडू घेतला आणि घरभरची कोळिष्टकं काढली. अक्का पोट धरून हसली. "अरे खुळ्या, कोळी म्हणजे कोंबडी! पाच आहेत. सांजेला मोजून कोंड."

तेव्हापासून रोज मोजायचा. अक्का परत येईल तेव्हा पाचच्या पाच तिच्यापुढं उभ्या करायच्या, एवढंच डोक्यात.

रविवार होता, जनावरांचा दवाखाना बंद. तेवढ्यात शेजारचा मल्लाप्पा भिंतीवरून डोकावला. रिटायर झालेला बस ड्रायव्हर, स्वतः डझनभर कोंबड्या पाळणारा.

"एन मराठी, ऑपरेशना?"

"मल्लाप्पा अण्णा, हसू नका. काय लावू ते सांगा!"

मल्लाप्पानं त्याच्या खास हिंदीत उपचार सांगितला. "उप्पु नीरु से धो. फिर मद्दु हाकु. अलग रखना, नहीं तो बाकी सब चोच मारेगा. नहीं जमा तो स्वल्प मसाला हाकु, मेरे को बुला!"

उप्पु म्हणजे मीठ, हाकु म्हणजे घाल, हे गिरीराजला हॉटेलांत कॅन टाकून टाकून पाठ झालं होतं. आणि मद्दु म्हणजे मध, त्यात काय विचारायचं? म्हाताऱ्याची जीभ जड, एवढंच.

मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली. लोंबणारं कातडं हळूच जागेवर बसवलं. वरून मध. कोंबडी खोक्यात, खोकं स्टुलावर. दुसऱ्या दिवशी बघतो तर मुंग्यांची रांग थेट कोंबडीकडं! मग स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. कामावर निघताना धुवायचं, आल्यावर धुवायचं, दर वेळी नवा मध. मालक ओरडला, "कॅनला उशीर का?" हा म्हणाला, "पेशंट आहे घरी."

सहाव्या दिवशी मल्लाप्पा थेट अंगणात आला, खोक्यात वाकला आणि किंचाळलाच. "ये! जेनु याके हाकिदीया? मद्दु बोला मैं! दवाई! मेडिसिन! जेनु मतलब शहद!"

गिरीराजनं मधाची बाटली मागं लपवली. सहा दिवस औषध म्हणून आपण कोंबडीला गोडधोड चोपडतोय! मेली तर अक्काला तोंड कसं दाखवायचं?

मल्लाप्पा हसून हसून डोळे पुसत होता. मग त्यानं पिसं बाजूला करून जखम हुंगली. वास नाही, पू नाही. कातडं चिकटलेलं, कडेनं गुलाबी. मग त्यानं कोंबडी उलटसुलट करून नीट न्याहाळली.

"चन्नागिदे," म्हणाला. छान आहे. "बंद मत कर." संध्याकाळी स्वतःच्या घरातली ओंजळभर कणी आणून त्यानं खोक्यात टाकली.

महिन्यानं अक्का आली तेव्हा कोंबडीच्या पाठीवर नवी पिसं खुंटासारखी उगवली होती. गिरीराजनं पाची पुढं उभ्या केल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अक्का त्या कोंबडीकडं बघत राहिली, मग याच्याकडं.

"सरी," म्हणाली. म्हणजे ठीक. "हात धू. जेवायला बस."

पुढं दिवाळीला वीणा बाळाला घेऊन आली, तेव्हा बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं. आनेकलला जाताना अक्कानं पाचांतली एक पिशवीत घालून नेली होती, बाळंतिणीच्या रश्शाला, आणि गडबडीत गिरीला सांगायचं राहून गेलं. मागं उरल्या होत्या चारच. पहिल्या सांजेला गिरीराजनं भिंतीवरून तंगडी ओढून जी पाचवी खुराड्यात कोंडली, तीच ही मध लावलेली, आणि ती मल्लाप्पाची होती.