प्रायव्हसीच्या प्रोजेक्टसाठी आधारची झेरॉक्स

मंडळी, एक आनंदाची बातमी आणि एक फजिती, दोन्ही आजच्याच.

बातमी अशी, की जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या संशोधनाला सरकारी निधी मंजूर झाला. विषय डेटा प्रायव्हसी: लोकांची माहिती वापरायची, पण माणूस ओळखू येऊ द्यायचा नाही.

त्याचीच कागदपत्रं जोडायला सकाळी झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि सवयीनं माझं आधार दुकानवाल्या काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. प्रिंट हातात आल्यावर भान आलं. म्हटलं, "काका, माझं आता डिलीट करा."

"कशाला मॅडम? समद्यांचे बराबर जपून ठेवले म्या. अडीनडीला कामी येतात."

तेवढ्यात भोकरदनच्या एक मावशी आल्या. दवाखान्यात आधार मागितलं होतं आणि कार्ड घरी राह्यलं होतं. काकांनी मोबाईलात शोधून जल्दी प्रिंट काढून दिली. मावशी हात जोडून पळाल्या.

तरी मी माझं डिलीट करून घेतलंच.

दुपारी कॉलेजातून फोन आला, आधारची अजून एक प्रत लागेल. परत दुकानात गेले, परत पाठवलं.

प्रिंट देताना काकांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, या बारीला ठेवू का?"

प्रस्तावात याच प्रश्नाचं सरकारला पानंच्या पानं उत्तर लिहून दिलंय मी. माझ्या जागी तुम्ही असता तर काकांना काय म्हणाला असता?