टेबलाला लावलेलं मशीन

मोरावळ्याच्या पाकाचा वास आला, की मला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधली थंडीतली एक दुपार आठवते. आई फरशीवर बसून आवळे किसायची. बोटं सोलवटायची, उठताना भिंत धरावी लागायची. म्हणून बाबांनी हँडल फिरवून किसायचं मशीन आणलं. आमच्याकडे किसणं-चिरणं सगळं बसूनच, त्यामुळे आईने ते पाटालाच स्क्रूने घट्ट बसवलं आणि मांडी घालून, वाकून फिरवू लागली. कीस भराभर पडला, पण कंबर धरायची ती धरलीच. “कसलं मेलं मशीन!” ती वैतागली. तेवढ्यात वाटी परत करायला आलेल्या शेजारच्या पंजाबी आंटी म्हणाल्या, “अरे भाभीजी, खड़े होकर घुमाओ ना!” आणि त्यांनी स्वतःच मशीन काढून जेवणाच्या टेबलाच्या कडेला लावलं. आई संकोचत उभी राहिली, आणि थोड्या वेळाने चक्क गुणगुणायला लागली. संध्याकाळी पाक उकळत होता, आणि ती भिंत न धरता घरभर फिरत होती. एरवी मोरावळ्याची पहिली बरणी देवापुढे जायची. त्या वर्षी ती आंटींकडे गेली. आता दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये मी तेच मशीन टेबलाला लावते, आणि पहिली बरणी अजून शेजारीच जाते.